सहाव्या पानावरची बायको

श्रीकृष्ण गुप्ते साबणाची वडी अर्धी करायची तरी आधी तिच्यावर पेन्सिलीने रेघ मारत. मग पट्टी लावून बघत, मग सुरी. सोसायटीतल्या बायका हसायच्या. मोहना, त्यांची बायको, म्हणायची, "नशीब, पोळीचा घास रेघ मारून तोडत नाहीत."

ते ड्राफ्ट्समन होते. बडोद्याजवळ कोयलीच्या बाजूला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी चोवीस वर्षं पाइपांची आणि व्हॉल्व्हांची चित्रं काढली. माझे यजमान त्याच कारखान्यात, गोत्रीत आमची टेनामेंटं, म्हणजे बैठी घरं, शेजारीशेजारी, म्हणून मी त्यांची वहिनी.

तरुणपणी त्यांना चित्रकलेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. वडिलांनी जाऊ दिलं नाही, मग नोकरी लागली, मग लग्न झालं. यातल्या वडिलांना ते कधीच विसरले होते, लग्न मात्र विसरले नव्हते. चहाला कोणीही आलं की सांगत, "ही नसती तर मी आज कुठल्या कुठे असतो."

"कुठे म्हणजे? कोयलीलाच," मोहना कप पुढे करत म्हणायची. "फक्त डबा नसता."

सगळे हसत. गुप्ते हसत नसत.

सत्त्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आले. त्यांचं आठवड्याचं काम नवी मुलं दुपारपर्यंत उरकायला लागली. नव्याण्णवला गुप्त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद पडला. घरी येताना त्यांनी ड्रॉइंग बोर्ड आणला, पेनं आणली आणि एक रबरी शिक्का आणला. त्यावर 'रद्द' असं होतं. लेक प्राची लग्न होऊन पुण्याला गेली होती, तिच्या खोलीत त्यांनी बोर्ड मांडला आणि चित्रकथा काढायला घेतली.

मी कथा लिहिते हे त्यांना माहीत होतं. चार महिन्यांनी जाडजूड गुंडाळी घेऊन आमच्या ओट्यावर आले. "वहिनी, तुम्ही तपासून द्या. मोकळेपणाने सांगा."

कल्पना खरोखर मोठी होती. विश्वंभर नावाचा माणूस बडोद्यातच पुन्हापुन्हा जन्म घेतो. आधी गायकवाडांच्या पागेत घोडे सांभाळणारा, मग डभोईची छोटी रेल्वे बांधणारा, मग आजचा. आणि प्रत्येक वेळी मागच्या जन्माचं सगळं त्याला आठवतं. मी अधाशासारखी वाचायला बसले. खोगिराचं बकल, रुळाचा खिळा, कंदिलाची काच, वस्तू इतक्या जिवंत की हात लावावा. पण माणसं एका साच्यातली. सगळ्यांचा तोच चेहरा, फक्त पगडी बदललेली. आणि विश्वंभर? दोन आयुष्यांची आठवण घेऊन फिरणारा हा माणूस काहीच करत नव्हता. कशातून शिकत नव्हता, कोणाला काही विचारत नव्हता. नुसता चिडत होता. प्रत्येक जन्मात सहाव्या पानावर त्याची बायको मरत होती आणि सातव्या पानावर तो म्हणत होता, 'आता मी मुक्त आहे!' बायकोला तिन्ही जन्मांत मिळून दोन वाक्यं होती. 'जेवून घ्या' आणि 'उशीर करू नका'.

मी मोकळेपणाने सांगितलं. "भावजी, कल्पना वाया जातेय. विश्वंभरला स्वभावच नाही. आणि ही बायको फक्त मरायला येते. पहिल्यांदा विहीर, मग प्लेग, मग नुसतंच 'अचानक'. तिचं बोलणंचालणं, सवयी, एखादं व्यंग, काहीतरी हवं ना? म्हणजे तिचं मरण पटेल."

त्यांनी वही काढली आणि तिरक्या, सुबक अक्षरात लिहून घेतलं: बायको. सवयी. व्यंग. मरणाचं कारण पटत नाही.

"रिव्हिजन करतो," म्हणाले.

रिव्हिजन हा त्यांचा जुना रिवाज. ड्रॉइंगमध्ये जिथे बदल करायचा तिथे लाल पेन्सिलीने ढगासारखी कड काढायची, बदल झाला की जुन्या कागदावर 'रद्द'चा शिक्का मारायचा. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी: काढले, तपासले, मंजूर. चित्रकथेच्या पानांवरही त्या होत्याच.

तीन आठवड्यांनी ते एकच पान घेऊन आले. तिसरा जन्म, सहावं पान.

पानावर स्वयंपाकघर होतं. गुप्त्यांचं स्वयंपाकघर, मापात. ओट्याची फुटकी फरशी, खिडकी, शेगडी, सिलिंडर. आणि त्यात पहिल्यांदाच एक माणूस होतं. पदर खोचून उभी, चष्मा कपाळावर सरकवलेला, तोंडाने काहीतरी गुणगुणतेय. एका चौकटीत शेजारीण तिला म्हणते, 'अगं, दूध करपलं!' आणि ती हसून म्हणते, 'मला कुठे वास येतो?'

मोहनाला वास येत नसे. प्राचीच्या वेळच्या बाळंतपणानंतर टायफॉइड झाला, तेव्हापासून.

पुढच्या चौकटीत खिडकी बंद. त्याच्या पुढच्या चौकटीत तिच्या हातात काडेपेटी. आणि शेगडीमागच्या गॅसच्या नळीभोवती लाल पेन्सिलीने ढग काढलेला.

"आता पटतं का, वहिनी?"

पटत होतं. त्यांच्या सगळ्या कामात तेवढं एकच पान खरं उतरलं होतं. माझ्या तोंडून "पटतं" निघून गेलं, आणि मग कोपऱ्यावर नजर गेली. 'काढले' पुढे त्यांची सही होती. 'तपासले' पुढे त्यांनी माझं नाव घातलं होतं. 'मंजूर' रिकामं होतं.

"पान ठेवून जा," मी म्हटलं. "पुन्हा एकदा बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बँकेत गेले तशी मी पान घेऊन मोहनाकडे गेले. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, दुपारची पाळी होती. भाजी चिरत बसली होती.

"बसा ने, ताई. एवढा चेहरा का पडलाय?"

मी पान पुढे धरलं. कपाळावरचा चष्मा खाली ओढून तिने ते चौकट चौकट बघितलं, पोरांचे पेपर बघावे तसं.

"बावीस वर्षं यांना आठवत नव्हतं मला वास येत नाही ते," ती म्हणाली. "दूध करपलं की मलाच ओरडायचे. आता बरं आठवलं."

"मोहना, मीच त्यांना म्हटलं की व्यंग दाखवा म्हणून. गोष्टच असेल गं ती."

"असेल ने." ती उठली. विळी आडवी करून ठेवली. "बघू या."

ओट्याखाली वाकून तिने सिलिंडर पुढे ओढला. रबरी नळी धड होती, हिरवट, कुठे चीर नाही. मी श्वास सोडला. मोहनाने सेफ्टी पिन काढतात तशा हलक्या हाताने नळी फिरवली. मागच्या बाजूला, भिंतीकडे, एक बारीक, सरळ, गोल फिरवलेली रेघ होती.

पेन्सिलीची.

बाहेर कचऱ्याची बाई "बेन, कचरो!" करून ओरडत होती.

"नुसती रेघ आहे," मी म्हटलं.

"ताई, ते आधी रेघच मारतात."

तिने सिलिंडर बंद केला. कपाट उघडून चार साड्या, प्राचीचा पत्ता, शाळेचे कागद पिशवीत भरले. मग प्राचीच्या खोलीत गेली, ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाईच्या पॅडवर नीट दाबला आणि त्या पानावर, बरोबर आपल्या चेहऱ्यावर मारला. पान बोर्डावर चार टाचण्यांनी लावलं. मी तिला रिक्षाने स्टेशनवर सोडलं.

गुप्त्यांनी तिचा शोध घेतला नाही. मला एवढंच विचारलं, "वहिनी, पान चांगलं होतं ना? मग शिक्का का?" पुढे घटस्फोटाचे कागद आले, त्यांनी सुबक सही केली. चित्रकथा मात्र सातव्या पानावर गेली नाही. सोसायटीत सांगत, बायको सोडून गेली म्हणून काम अडलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. परवा खंडेराव मार्केटमध्ये भेटले. अंगात नवा शर्ट, दाढी गुळगुळीत.

"वहिनी, चौथा जन्म काढायला घेतोय. आणि बातमी आहे. मामेबहिणीने स्थळ आणलंय. नवसारीच्या आहेत, विधवा, मागे कोणी नाही."

"लग्न करताय?"

"तुम्हीच म्हणाला होता ने, बायकोला स्वभाव हवा. माझी चूक झाली, मी उशिरा लक्ष दिलं. या वेळी पहिल्या दिवसापासून टिपून ठेवणार आहे."

दुधीवाली कंटाळून म्हणाली, "काका, आखी लई लो ने!"

"अर्धीच," गुप्ते म्हणाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, दुधी फिरवून फिरवून तिच्यावर बारीक, सरळ रेघ मारली आणि दुधीवालीपुढे धरली. "इथे काप."

तिने कापली. रेघ दोन्ही तुकड्यांत अर्धीअर्धी गेली.

"छान," मी म्हटलं. "नाव काय म्हणालात त्यांचं?"

"नयना. नयना प्रधान. शाळेत ग्रंथपाल होत्या."

"नवसारीला कुठे राहतात?"

त्यांनी आनंदाने सगळा पत्ता सांगितला.

भाजी घेतलीच नाही. मार्केटच्या दारातल्या टेलिफोन बूथवर गेले आणि पहिला फोन पुण्याला लावला. मोहनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पत्ता परत सांगा, ताई. सावकाश. मी लिहून घेते. मीच जाते."