तुम्हीही चला ना

हैदराबादेत थंडी पडते, असं हैदराबादकर म्हणतात. आपण त्यांच्या भावना दुखवू नयेत. जानेवारीत पहाटे अंगणात उभं राहिलं की बोटांना किंचित गार लागतं, आणि तेवढ्या भांडवलावर अख्खं शहर माकडटोप्या चढवून हिंडतं. दुपारी पंखा, संध्याकाळी स्वेटर, असा इथला हिवाळा. पुण्याहून लग्न होऊन मी नल्लकुंट्यात आले त्या वर्षी मी याला हसले. दुसऱ्या वर्षी गुपचूप शाल काढली.

तर अशा कडाक्याच्या थंडीत शहराबाहेर एक नवं रिसॉर्ट उघडलं. ते दिवसच उघडण्याचे होते. देशानं जगाला दारं उघडली होती म्हणे. आमच्या घरात त्यातून केबलचे ढीगभर चॅनेल आले, नळाचं पाणी मात्र पूर्वीसारखंच एक दिवसाआड येत राहिलं. रिसॉर्टची जाहिरात पेपरात होती: विंटर स्पेशल, खास जोडप्यांसाठी, शेकोटी, बोटिंग, तळ्याकाठी निवांतपणा, आणि हे सगळं खिशाला परवडेल असं. नवऱ्यानं ती कात्रीनं नीट कापून ठेवली. या माणसानं त्याआधी पेपरातून फक्त प्रेशर कुकरच्या एक्स्चेंजची जाहिरात कापली होती. त्यामुळे मी हुरळले.

हुरळायला कारणही होतं. त्याची सॉफ्टवेअरची नोकरी. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. बायकोला नेता येत होतं, तशी सोय होती. पण घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या बॅगेसाठी मेतकूट, लोणचं, भाजणी सगळं भरून ठेवलं होतं, माझ्या बॅगेचा प्रश्नच नव्हता. मी हिमायतनगरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. ती नोकरी, सासूसासरे आणि गॅसचा नंबर सांभाळायला मी मागे राहणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. त्यानंही धरलं होतं का, ते मला कळत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा आपण होऊन ‘तूही चल’ म्हणावं. आणि हे मी मागून घेणार नव्हते. मागून घेतलेल्या बोलावण्याला काही अर्थ असतो का?

दोन दिवस दोघंच असलो तर म्हणेल, असा माझा हिशेब होता.

आता नवऱ्याच्या स्वभावातला एक दागिना सांगायला हवा. तो जन्मानं हैदराबादचा. मराठी घरातली रीतभात आणि निजामी शहराची तहजीब असं दुहेरी संस्कारांचं ओझं तो वाहत असतो. समोर माणूस दिसला की तो त्याला बोलावतो. चहाला, जेवायला, सिनेमाला. हजामतीला निघाला तरी वाटेत भेटलेल्याला ‘चला ना’ म्हणेल. यात धोका काही नसतो, कारण समोरच्याला नियम ठाऊक असतो. त्यानं ‘नको नको’ म्हणायचं, यानं ‘असं कसं’ म्हणायचं, त्यानं ‘पुन्हा केव्हातरी’ म्हणायचं, की दोघं एकमेकांच्या चांगुलपणावर खूश होऊन आपापल्या वाटेला मोकळे. पुण्यात आम्ही हा वेळ वाचवतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका-काकू भेटले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. तारनाक्याचं क्वार्टर सोडून ते आमच्याकडे भाड्यानं राहायला आले होते. दोघं मूळचे मराठवाड्याकडले.

“काकू, उद्या आम्ही रिसॉर्टला चाललोय,” नवरा म्हणाला. आणि लगेच, श्वास घ्यावा तितक्या सहज, “तुम्हीही चला ना!”

मी काकूंच्या ‘नको रे बाबा’ची वाट पाहत उभी राहिले.

“कधी निघायचं?” काकू म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते चेहऱ्यावर कसं उमटतं, हे मला तेव्हा कळलं. काकाही बायकोकडे बघत राहिले. पण तहजीब मोठी चीज असते. “सकाळी... आठला,” नवरा म्हणाला.

“हौ. मग धपाटे लावते,” म्हणत काकू वर गेल्या.

मित्राकडून मागून आणलेल्या मारुतीत आमची हनिमूनची वरात निघाली. काकांचे गुडघे दुखतात म्हणून ते पुढे बसले, नवऱ्याशेजारी. मी आणि काकू मागे, आणि आमच्या मधे धपाट्यांचा डबा, दह्याची बरणी, तिळाचे लाडू आणि पाण्याचा थर्मास. जिथे जेवणखाण पैशात धरलेलं होतं, तिथे आम्ही चार जणांना तीन दिवस पुरेल असा शिधा घेऊन चाललो होतो. कॅरिअरवर काकूंची वळकटी होती. परक्या गादीवर त्यांना झोप लागत नसे.

रिसॉर्टच्या मॅनेजरनं आम्हाला पाहिलं, वळकटीला पाहिलं. “साब, ये कपल का पॅकेज है. आप लोगां तो चार हैं.”

“तो हम क्या भाई-बहन दिखते क्या?” काका म्हणाले. “हम भी कपलइच हैं. पुराना माल है, दूसरा कमरा दो.”

दुसरी खोली मिळाली. आमच्या खोलीला लागूनच. मधल्या भिंतीतून काकांचं खोकणं ऐकू येई, म्हणजे आमचं बोलणं तिकडे जाणार हे उघड होतं. नवऱ्याला तर न बोलायला निमित्तच मिळालं. खुणेनं साबण मागायचा.

बाकी रिसॉर्ट म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तळं होतं, पण तळ्यानं काठ सोडून बराच काळ लोटला होता. पोहण्याचा हौद थंडीमुळे बंद, असं पाटीवर लिहिलेलं. शेकोटी मात्र वेळेवर पेटली. आधीच घामेजलेले आम्ही चौघं तिच्याभोवती बसलो. शेकोटी पॅकेजमध्ये होती, वाया घालवून कसं चालेल? मग आमचं ‘रोमँटिक डिनर’ झालं. टेबलावर एक मेणबत्ती, चार खुर्च्या. काकूंनी मेणबत्ती सरकवून तिच्या जागी दह्याची बरणी ठेवली आणि मॅनेजरलाही धपाटा दिला. नवऱ्यानं त्याला ‘बैठिए ना, खाइए हमारे साथ’ म्हटलं. मी ताटात बघत जेवले. निदान मॅनेजरला नियम ठाऊक होता, तो नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटिंग होतं. तळ्याच्या उरलेल्या पाण्यात हंसाच्या आकाराची, पायानं मारायची एकच बोट. दोघांची. नवरा अर्थातच काकांना म्हणाला, “आधी तुम्ही जा ना.” काका गुडघ्यांचं काही बोलणार, तोवर काकू पदर खोचून हंसात जाऊन बसल्या होत्या.

काठावर आम्ही दोघंच उरलो. लग्नानंतर इतकं दोघंच क्वचितच असू. समोर काकू पायडल मारत होत्या आणि काका सुकाणू धरून बसले होते. बोट एकाच जागी गोल फिरत होती आणि काकू मोठ्यानं हसत होत्या.

“एक सांगायचं होतं,” नवरा म्हणाला.

आलं एकदाचं, असं मला वाटलं. हे मी आजही लपवणार नाही.

“मी गेल्यावर स्कूटर आठवड्यातून एकदा चालू करत जा. नाहीतर बॅटरी उतरते.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी हंसाकडे बघत राहिले. मला त्याचा राग आला, त्या स्कूटरचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मजेत फिरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा आला.

दुपारी पुरुष झोपले. काकू झाडाखाली वळकटीवर बसून सुपारी कातरत होत्या. मी जाऊन बसले आणि पुणेरी बाणा काढलाच. “काकू, एक विचारू? त्यानं तुम्हाला तोंडदेखलं बोलावलं होतं. तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की,” काकू म्हणाल्या. “न कळायला काय झालं? तुझं तोंड बी बघितलं मी जिन्यात.”

अडकित्ता चालूच होता. मग त्याच बोलल्या.

“ह्यांच्या बदल्या व्हायच्या पोरी. कुठं कुठं, लांबच्या स्टेशनांवर. जाताना हे दर वेळी म्हणायचे, तूही चल ना. मी म्हणायची, नको, इथलं कोण बघंल? सासू होती, दीर होते. बाईनं तसंच म्हणायचं असतंय, मला वाटलं हे अजून एकदा म्हणतील. हे पेटी उचलायचे आन निघायचे. सारी नोकरी अशीच गेली बघ आमची.” अडकित्ता थांबला. “त्यांनी तोंडदेखलं इचारलं का खरं, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. पर मी नको म्हणलेलं तोंडदेखलं होतं. ते मात्र त्यांनी खरं धरलं.”

“मग आता?”

“आता कुणी बी बोलावलं की मी जाते. समोरच्याच्या मनात काय हाय, ते त्याचं त्यानं बघावं.”

त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. मी सुपारी खात नाही, पण तेव्हा खाल्ली. जिन्यातल्या त्या माझ्या तोंडाची लाज वाटली.

चहा पिऊन निघायची वेळ झाली. निवांतपणा संपला होता. काका पुढच्या सीटवर जाऊन बसले. काकू पायरीवर टेकून वळकटीवर लक्ष ठेवून होत्या. नवरा ती कॅरिअरला दोरीनं बांधत होता आणि मी दुसऱ्या बाजूनं दोरी ओढून धरली होती. आज विचार केला तर आमच्या संसारातली सगळी महत्त्वाची बोलणी अशीच सामान बांधताना झाली आहेत.

गाठ मारता मारता तो म्हणाला, “दोन वर्षं म्हणजे तशी बरीच होतात, नाही?”

“होतात,” मी म्हटलं.

त्यानं गाठ ओढून पाहिली. माझ्याकडे बघितलं नाही. आणि जिन्यात काकूंना म्हणाला होता त्याच सुरात, तितक्याच सहज म्हणाला, “तूही चल ना.”

खरं की तोंडदेखलं, काही कळायला मार्ग नव्हता. त्याच्या त्याला तरी कळलं असेल का, कोण जाणे. माझ्या जिभेवर मात्र उत्तर तयार होतं. लहानपणापासून आई, मावशी, आत्या सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं, नको, इथलं कोण बघणार? ते पार ओठांपर्यंत आलं. शाळा आठवली, सासूबाई आठवल्या, ती मेली स्कूटरसुद्धा आठवली.

पायरीवरच्या काकू सुपारी चघळायच्या थांबल्या होत्या.

मी दोरी सोडली आणि विचारलं, “कधी निघायचं?”