थोडी राहू दिलेली गाठ

टॅबवर फोटो होता आणि सुमित्राबाई गप्प होत्या.

“का थांबल्या?” डॉ. शेट्टींनी हातातला प्रोब तसाच धरून विचारलं. स्पीच थेरपिस्ट काव्यानं फोटो पुन्हा दाखवला. पुन्हा शब्द नाही. डोक्याच्या डाव्या बाजूची कवटी उघडलेली, पेशंट पूर्ण जागी, आणि आतापर्यंत घडाघडा बोलणारी बाई एकदम मुकी. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ही शांतता कुणालाच आवडत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. माहेर निपाणीचं, नोकरी बंगळूरच्या एका हॉस्पिटलात, न्यूरोसर्जरीच्या ओटीत. भूलतज्ज्ञ म्हणजे माणसाला झोपवणारी बाई, असं लोक समजतात. या ऑपरेशनात मात्र माझा पगार पेशंटला जागं ठेवण्याचा असतो. कवटी उघडेपर्यंत हलकी झोप द्यायची, मेंदूपाशी पोचलं की उठवायचं. टाळूच्या नसा इंजेक्शननं बधिर केलेल्या असतात आणि खुद्द मेंदूला दुखणं कळत नाही. पेशंटला चित्रं दाखवायची, तिनं नावं सांगायची. तेवढ्यात सर्जन मेंदूच्या एकेका जागेवर प्रोबनं अगदी थोडा करंट देतो. करंटनं जिथं बोलणं अडतं, ती जागा बोलण्याची. तिला हात लावायचा नाही. जिथं बोलणं चालू राहतं, तिथून गाठीकडे जायला वाट.

सुमित्राबाई साठीच्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घर बनशंकरीला, घरात मराठी. त्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. फिट आली म्हणून एमआरआय केला, तर डाव्या बाजूला सावकाश वाढणारी गाठ निघाली, बोलण्याच्या भागाला खेटून.

ओपीडीत नवरा-बायको दोघं आले होते. माधवराव होसकोट्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशिनांवर होते. मशिनच्या दणक्यांनी कान गेलेले, आणि ऐकण्याचं यंत्र खिशात. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्यांना कळतं, तेही मुख्यतः बायकोच्या. डॉ. शेट्टी काय म्हणाले ते सुमित्राबाई त्यांच्याकडे वळून सावकाश बोलून दाखवत होत्या. स्वतःच्या मेंदूतल्या गाठीची बातमीही नवऱ्याला त्यांनीच सांगितली.

“पूर्ण काढा,” माधवराव भलत्या मोठ्या आवाजात म्हणाले. “अर्धवट जॉब आमच्या शॉपमधून कधी बाहेर गेला नाही.”

डॉ. शेट्टींनी समजावलं. गाठ म्हणजे फणसातली आठळी नव्हे, की सोलून बाजूला काढली. भातात तूप मुरावं तशी ती कडेला मेंदूत मुरलेली असते. जितकी जास्त निघेल तितकं बरं, कारण पुन्हा वाढायला वेळ लागतो. पण कडेचा शेवटचा तुकडा काढताना बोलणं गेलं, तर ते परत आणण्याचं औषध कुणाकडे नाही.

सुमित्राबाईंनी हे मात्र नवऱ्याला लगेच सांगितलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. “डॉक्टरम्मा, आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे. दूधवाला, बँक, जावई, सगळ्यांशी मीच बोलते. ह्यांना माझ्याशिवाय कुणाचं कळत नाही. माझं बोलणं गेलं तर दोघंही गेलो. गाठ स्वल्प राहिली तर राहू दे.”

“आणि त्यांना काय सांगू?”

“ते मी बघते.”

सही पेशंटची असते, नवऱ्याची नव्हे. ठरलं.

ऑपरेशनच्या आधी काव्या पेशंटबरोबर बसून सगळी चित्रं दाखवते. याला बेसलाइन म्हणतात. ज्या चित्राचं नाव सांगताना पेशंट एरवीही अडखळते, ते चित्र काढून टाकायचं. नाहीतर टेबलावर ती अडली, तर करंटमुळे अडली की मुळातच येत नव्हतं, हे कसं कळणार? सुमित्राबाईंची बेसलाइन कन्नडमध्ये काव्यानं घेतली, मराठीत मी. बाईंनी उत्तरं तर दिलीच, वर हत्तीच्या चित्राचे पाय बरोबर नाहीत अशी सूचनाही केली.

काव्या मायाळू आहे. बाईंना टेबलावर एकटं वाटू नये म्हणून तिनं नंतर माधवरावांचा एक फोटो मागून घेतला आणि चित्रांमध्ये घालून दिला. बेसलाइन झालेली होती. हेतू चांगला. आमच्या खात्यात चांगल्या हेतूंची अडचण अशी की ते चेकलिस्टला विचारून येत नाहीत.

तर टॅबवर तो फोटो होता, आणि बाई गप्प.

“स्पीच अरेस्ट,” डॉ. शेट्टी म्हणाले. करंटमुळे बोलणं बंद पडलं, असा त्याचा अर्थ. ती जागा नेमकी गाठीकडे जायच्या वाटेवर होती. ती बोलण्याची निघाली, तर बहुतेक गाठ तशीच ठेवून डोकं शिवावं लागणार होतं. शेट्टींचा आवाज खाली गेला, म्हणजे ते मनात ऑपरेशन आवरायला लागले होते. मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलंय, मला तो आवाज कळतो.

सर्जनला मेंदू दिसतो, चेहरा दिसत नाही. मध्ये हिरवा पडदा असतो. चेहऱ्याकडे मी बसलेली असते. करंटनं बोलणं अडलेला माणूस धडपडतो. जीभ पुढे येते, ओठ हलतात, डोळ्यांत भीती उतरते. सुमित्राबाई तसलं काही करत नव्हत्या. त्यांनी ओठ मिटून घेतले होते आणि नजर टॅबवरून काढून सलाइनच्या स्टँडवर लावली होती.

“सर, तोच फोटो करंट न देता बघू या.”

काव्यानं दाखवला. बाई गप्पच.

“करंट नसतानाही नाही? म्हणजे सूज आली का?” शेट्टी म्हणाले.

मी पडद्याखाली वाकले. “अक्का, ओळखलंत का हे कोण?”

“न ओळखायला काय झालं?” एका दमात उत्तर आलं.

“मग नाव सांगा.”

“ते कसं सांगू? आमच्यात तोंडानं घेत नाहीत.”

“इथं परीक्षा चाललीय, अक्का. डोकं उघडं आहे तुमचं.”

“म्हणून तर. आजच्या दिवशी नाव घेऊन त्यांचं आयुष्य कशाला कमी करू?”

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा ओटीत कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मास्कला मात्र सुरकुत्या पडल्या. शाळेत मुलांना विज्ञान शिकवलेली बाई, बहिऱ्या नवऱ्याला जन्मभर ‘अहो, ऐकलंत का’ अशी हाक मारणारी. मला रागही आला आणि बाईंचं कौतुकही वाटलं. राग काव्यावरही होता. त्या एका फोटोनं गाठ जागच्या जागी राहिली असती.

फोटो काढून टाकला. त्याच जागी करंट देऊन परत परत इतर चित्रं दाखवली. छत्री, कासव, खुर्ची, कुलूप. कन्नडमध्ये आणि मराठीत सगळी बरोबर आली. जागा मोकळी होती. शेट्टी पुढे गेले.

इथून पुढचा भाग मला जास्त अवघड वाटतो. एकदा विनोद झाला की माणसं सैल होतात. गाठ निघत होती, सुमित्राबाई मधल्या वेळात सून पोळ्या जाड करते हे सांगत होत्या, आणि शेट्टी चक्क गुणगुणत होते. गाठीच्या आतल्या कडेला पोचल्यावर काव्यानं कात्रीचं चित्र दाखवलं.

“हे… कापायचं,” सुमित्राबाई म्हणाल्या. “ते… कापायचं…”

“आता काय?” शेट्टी पडद्यापलीकडून म्हणाले. “कात्रीचंही नाव घेत नाहीत का यांच्यात?”

काव्या हसली. मी हसू शकले नाही, कारण बाईंचा हात माझ्या हातात होता आणि तो एकदम आवळला गेला होता. जीभ दातांना लागून लागून परत जात होती. डोळे माझ्यावर रोखलेले, स्टँडवर नाही.

“सर, हे खरं आहे. थांबा.”

शेट्टींना ते आवडलं नाही, आणि का ते मला कळत होतं. उरला होता एक पातळ तुकडा. एमआरआयवर पांढरा दिसणारा तेवढाच. “थकल्या असतील. एवढा वेळ जाग्या आहेत.”

“असतील. विश्रांती देऊन बघू या.”

ओला स्पंज ओठांना लावला, थोडा वेळ गप्प पडू दिलं. करंट न देता कात्री दाखवली. “कात्री,” बाई लगेच म्हणाल्या. करंट दिला. “कापायचं…” आणि अडल्या. पुन्हा करंट नाही, पुन्हा “कात्री”. पुन्हा करंट, पुन्हा अडल्या. आता यात कसला रिवाज नव्हता.

 शेट्टींनी प्रोब ट्रेमध्ये ठेवला. “सरी, ठीक आहे. बंद करू या.”

बाहेर माधवराव उभे होते. मी मास्क काढून त्यांच्या समोर उभी राहिले आणि सावकाश बोलले, “ऑपरेशन नीट झालं. बोलत होत्या.”

“पूर्ण निघाली?”

“नाही. थोडी ठेवली.”

“निघत नव्हती?”

“निघत होती. बोलणं गेलं असतं.”

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग ओटीच्या दाराकडे. “तुम्ही ठेवलीत,” ते म्हणाले. एरवी भलत्या मोठ्या आवाजात बोलणारा माणूस तेवढं वाक्य हळू बोलला. मला ते लागलं.

त्यातून दुसऱ्या दिवशी सुमित्राबाईंचं बोलणं तुटक झालं. चार शब्दांच्या जागी एक, तोही उशिरा. ऑपरेशननंतर मेंदूला सूज येते, असं होऊ शकतं, बहुधा उतरतं. हे मी लोकांना नेहमी सांगते. त्या वेळी मात्र राउंड संपला की उगाच त्यांच्या बेडकडे जाऊन येत होते. मला भीती वाटत होती. गाठही ठेवली आणि बोलणंही गेलं, असं झालं असतं तर माधवरावांपुढे उभं राहायला तोंड नव्हतं. ते दिवसभर बेडजवळ बसून बायकोच्या ओठांकडे बघत असायचे, आणि ओठ फारसे हलत नसायचे.

सूज हळूहळू उतरली. एका सकाळी मी पोचले तेव्हा बाई नर्सला इडली थंड असल्याबद्दल कन्नडमध्ये पूर्ण वाक्यात सुनावत होत्या. मी दारातूनच परत फिरले आणि कॉफी प्यायले.

बेसलाइनमध्ये न विचारलेला प्रश्न टेबलावर विचारायचा नाही, हा नियम आम्हाला आधीही माहीत होता. आता काव्या बेसलाइननंतर चित्रं लॉक करते, आणि नवीन काही घालायचं तर माझी सही लागते. घरातल्या माणसांचे फोटो बंद. दुसरी गोष्ट लॉक करता येत नाही. पहिली शांतता खोटी निघाली म्हणून दुसरीही खोटीच असणार, असं वाटायला फार वेळ लागत नाही, आणि ते सगळ्यात आधी हुशार माणसांना वाटतं. त्या दिवशी शेट्टी थांबले, याचं श्रेय त्यांचं.

राहिलेला तुकडा दर एमआरआयला तिथंच दिसतो. वाढलेला नाही. पुढे वाढणार नाही असं मी कुणाला लिहून देणार नाही. माधवरावांचा आमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. काम अर्धवट सोडलं, असं ते प्रत्येक तपासणीनंतर म्हणतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांची ही तक्रार मला फोन करून सुमित्राबाईच सांगतात. सविस्तर, न अडखळता, आणि मध्ये मला एक शब्द बोलू न देता.