दोन डझन बॉबिनं

दहा बायका हातकामाला बसल्या की काम वीतभर होतं आणि किस्से ठाणभर! आमचा परळचा लेसचा क्लास तसाच. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. बाहेर मोर्चे, आत आम्ही. टणक उशीवर टाचण्या खोचायच्या, दोरा गुंडाळलेली लाकडी बॉबिनं एकमेकांवरून फिरवायची, की जाळी तयार. शिकवायला रोझी मिस.

पहिल्याच दिवशी मिस म्हणाली, "उद्या प्रत्येकीने दोन डझन बॉबिन आणा."

लालबागच्या सुशीलाचा नवरा गिरणीत. दुसऱ्या दिवशी ही गोणपाट ओढत हजर! आत गिरणीतली हातभर लांब, मोडकी बॉबिनं.

"मिस, दोन डझन मोजून घ्या. कमी पडली तर अख्खा मागच उचलून आणतो म्हणालेत हे!"

मग मिसने नमुना दिला, बोटाएवढा. तो घेऊन मी लाटणी करणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने तो उलटासुलटा केला.

"किती करू?"

"दोनशे चाळीस."

"बाई, भातुकलीची खानावळ काढताय काय?"

सुशीलाच्या सासूबाई मालवणहून आल्या. दुपारी जेवून, दिसली ती उशी घेऊन आडव्या झाल्या. उशी लेसची, टाचण्यांसकट! अख्खी चाळ जमली.

"गो सुशीला, माका गावाक धाड! हय उशीक पण दात आसत!"

क्लासातल्या अनसूयाबाई वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होत्या, त्यामुळे दोऱ्याची पारख त्यांच्याकडे. दादरच्या दुकानात त्यांनी एकेक रीळ घेऊन झटका दिला. पाच रिळांचे दोरे तटातट तुटले.

दुकानदार वैतागला. "हे सहावं घ्या. हत्ती बांधा, तुटणार नाही!"

"हत्ती कुठून आणू? तुम्ही हात पुढे करा."

एकदा याच अनसूयाबाईंकडे मी नक्षीचा कागद मागायला गेले होते. आदल्या दिवशी वरळीत दगडफेक झालेली. पोलीस चळवळीची पत्रकं शोधत खोल्या तपासत होते. एक हवालदार आत आला. डबे उघडले, गादी उलटली. बाई उशी मांडीवर घेऊन लेस विणत बसलेल्या.

"हे काय?"

"लेस."

त्याने उशी दाबून पाहिली. "एवढी टणक? आत काय भरलंय?"

"पेंढा."

त्याने उशी उचलून उलटी केली. खालची शिवण उसवली होती. तिथून कागदाचं टोक बाहेर आलेलं. हवालदाराने ते ओढलं. छापील पत्रक! त्याने सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

मग त्याने पत्रकाची घडी केली, अंगठ्याने परत आत ढकलली आणि उशी बाईंच्या मांडीवर ठेवली.

"पेंढा झकास आहे, ताई. तेवढी शिवण घालून घ्या. साहेब जिन्यात आहेत."