दुसऱ्या गाडीतला पाला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला एरवी सगळं सांगतो, कोणाच्या गाडीत काय सापडलं, कोण घासाघीस करून गेलं. पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. दमलोय, एवढंच.

खालापुरात माझं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. गॅस काय, कोणीही भरतो. माझं नाव झालं ते आवाज शोधण्यात. डॅशबोर्डच्या आत कुठे टकटक, कुठे किरकिर – मी कान लावायचो आणि नेमकं बोट ठेवायचो. 'इरफानचा कान' म्हणायचे लोक. ऐकून ऐकून मीही फुगलो.

ठोंबरेबाईंनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत, भिसेगावात एकट्याच राहतात. नवरा गेल्यावर, साठीला टेकल्यावर गाडी शिकल्या. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत खालापूरपलीकडे बहिणीकडे जायच्या. बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, सोबत जेवायचं आणि ऊन उतरलं की परत. एका गुरुवारी वाटेत माझ्याकडे थांबल्या. सकाळी एसी लावला की डॅशबोर्डात टक-टक-टक होतं, म्हणाल्या.

मी कान लावला. काही नाही. एसी बंद केला, पुन्हा लावला. काही नाही. अहो, पाऊण तास चालून आलेली गाडी ती! बाई 'सकाळी' म्हणाल्या होत्या – म्हणजे आवाज थंड गाडीचा. गाडी रात्रभर ठेवून घ्यायची, सकाळी आपण पहिल्यांदा चालू करायची. हे नवशिक्यालाही सुचेल. मला का सुचलं नाही? कारण माझ्या कानाला ऐकू आलं नाही, म्हणजे आवाज नाहीच – असं मला वाटलं.

त्या पुन्हा आल्या. मग तिसऱ्यांदा. म्हणाल्या, उघडूनच बघ. आता डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दिवस मोडतो. त्यात मे महिना, माझी पाठ धरलेली, दारात चार गाड्या उभ्या. मी 'बघतो' म्हणालो, बाईंना रिक्षात बसवून बहिणीकडे पाठवलं, आणि – कसं सांगू – गाडीला हातसुद्धा लावला नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडीतून जे निघेल ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. धूळ, पाला, उंदराने कुरतडलेला कापूस, जे असेल ते पेपरवर काढून ठेवायचं. ते बघितलं की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. त्या दिवशी सकाळी दुसऱ्याच एका गाडीच्या पंख्यातून पाला निघाला होता. तो मी पेपरवर पसरला आणि बाई आल्यावर पुढे केला.

बाईंनी चष्मा सारखा केला. एक पान चिमटीत धरून बघितलं.

"गुलमोहर आहे हा. माझी गाडी तर पत्र्याखाली असते रे, जवळपास झाडच नाही."

"वाऱ्यानं येतं, बाई."

"येत असेल. तू उघडून पाहिलंस ना, मग झालं."

कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः बघा – हे आम्हाला वर्गात शिकवणारी बाई ती. हातातलं पान तिने खाली ठेवलं आणि माझं मानलं.

आवाज अर्थातच राहिला. पण आता त्या माझ्याकडे आल्या नाहीत. आता त्यांना स्वतःच्या कानांचीच शंका येऊ लागली. ते त्यांनी पुण्याच्या मुलाला सांगितलं असावं, कारण त्याचा मला फोन आला. सरळ विचारलं त्याने, गाडीत खरंच काही आहे का? तेव्हा तरी बोलायचं होतं. काय गेलं असतं माझं?

"आख्खी उघडली ओ मी. आवाज नाय. बाईंना भास होतो, वय झालं आता."

ते शेवटचं वाक्य तर कोणी मागितलंही नव्हतं.

महिन्याभरात मुलाने गाडी विकली. भास होणाऱ्या आईच्या हाती गाडी कोण देईल? बाई दोन गुरुवार एसटीने गेल्या. गुडघे सुजले, मग जाणं सुटलं. बहीण दिवाळीआधी वारली.

नंतर तीच गाडी माझ्या दारात आली. नवा मालक चौक गावचा होता, तक्रार तीच. त्याला काम होतं म्हणून गाडी रात्रभर ठेवून गेला. सकाळी मी चावी फिरवली, एसी लावला. टक-टक-टक. बहिऱ्यालाही ऐकू यावं, इतकं स्वच्छ. मग डॅशबोर्ड उतरवला. हवेची झडप फिरवणारं प्लास्टिकचं छोटं चाक असतं, त्याचे दोन दाते तुटले होते. गाडी तापली की चाक कसंबसं धरायचं आणि आवाज थांबायचा. मालक खूश झाला. मानलं तुमच्या कानाला, म्हणाला. मी हसलोसुद्धा.

गेल्या महिन्यात कर्जतला औषधांच्या दुकानाबाहेर बाई भेटल्या. मी तोंड चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली. खूप वाळल्या आहेत.

"तू बरं केलंस हो, इरफान," त्या म्हणाल्या. "घरची माणसं खरं सांगायला कचरतात. आता काही ऐकू आलं की मी आधी शेजारणीला विचारते, तुलाही येतंय का गं?"

तब्येतीला जपा, बाई, असं मी म्हणालो. त्यांच्या हातातली पिशवी घेतली, रस्ता ओलांडून दिला.

तुटक्या दात्यांचं ते चाक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. भिसेगाव पाऊण तासावर आहे. मी अजून गेलेलो नाही.