बीपनंतर अण्णा

घरात नवीन यंत्र आलं की त्याच्यामागून किस्से येतातच. आमच्याकडे आन्सरिंग मशीन आलं तेव्हा तर रांग लागली!

तेव्हा आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. कॉम्प्युटरचा कोर्स संपवून मी सॉफ्टवेअर कंपन्यांत अर्ज टाकत होते आणि दिवसभर शिकवण्या करत हिंडत होते. घरी फोन घ्यायला माझे वडील, अण्णा. सरकारी कचेरीतून नुकतेच रिटायर झालेले. एका कंपनीचा इंटरव्ह्यूसाठी फोन आला. अण्णा म्हणाले, "ती घरी नाही," आणि ठेवून दिला! ना नाव विचारलं, ना नंबर.

मी रडले, भांडले. अण्णा शांत. "नव्हतीसच घरी. खोटं सांगू?"

त्याच आठवड्यात मी कॅसेटवर निरोप भरून घेणारं हे मशीन आणलं आणि अण्णांना वाजणारा फोन उचलायची बंदी केली.

*

मशीनवर आवाज मात्र त्यांचाच हवा. रेकॉर्ड केलं, "आम्ही घरी नाही. काम असेल तर बोला. नुसतंच 'काय चाललंय' विचारायचं असेल तर ठीक चाललंय."

"अण्णा, पण तुम्ही तर घरीच असता!"

"खोटं मशीन बोलतंय. मी नाही."

*

नागपूरच्या काकांचा फोन आला. बीप वाजल्यावर ते म्हणाले, "जय भीम!" आणि उत्तरासाठी थांबले. मग जरा मोठ्यानं, "जय भीम!" तिसऱ्यांदा ओरडलेच. तेवढ्यात मशीन बंद पडलं. काकांनी पंधरा दिवस अबोला धरला. सख्ख्या भावाच्या घरी जय भीमला उत्तर नाही म्हणजे काय!

अण्णांनी लगेच नवीन मेसेज भरला. "जय भीम. तुमचाही जय भीम पोचला. आता बोला."

*

वारज्याच्या आत्यानं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मशीनवरच दिलं. अण्णांनी उलट फोन लावला.

"मशीनला बोलावलंस ना? पाठवतो. पहिल्या पंगतीला बसव."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून आत्या पत्रिका घेऊन दारात!

*

मधल्या काळात माझे दोन इंटरव्ह्यू झाले. एका संध्याकाळी घरी आले तर मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. आई-अण्णा शेजारी उभे. मी बटण दाबलं.

"मॅडम, तुमचं सिलेक्शन झालंय. एक तारखेला जॉइन व्हा."

आम्ही चारदा ऐकलं. आईनं मला घट्ट धरलं. अण्णांनी कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली आणि कपाटात, घराच्या कागदांशेजारी ठेवून कुलूप लावलं.

"अहो अण्णा, आता बाकीच्यांचे मेसेज कशावर घ्यायचे?"

"आता आणखी कुणाचं काय ऐकायचं राहिलंय?"