देवघरामागचा बूट

१८ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळी दोन दिवसांवर आली होती आणि देवघर पुसायचं राहिलं होतं. वेस्ट विंडसरमधलं आमचं घर जुनं, एका शेतघराला खोल्या जोडून वाढवलेलं. बैठकीच्या भिंतीतली विटांची शेकोटी, वर धुराची चिमणी असलेली, आम्ही कधी पेटवलीच नाही. घर घेतलं तेव्हाच मी तिच्यात देव मांडले. त्या दिवशी देव ताम्हनात काढून मागची भिंत पुसत होते, तर एक वीट सुटून हातात आली.

आत बूट होता. एकच, लहान मुलाचा, चामडं वाळून काळं पडलेलं, टाच एका बाजूने झिजलेली.

मी ओरडले. मग तो सांडशीत धरून बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि डोक्यावरून न्हाऊन आले.

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू बुटाची आरती करत होतीस?"

"हसू नका. टाळ्या तुम्हीही वाजवत होतात."

शेजारच्या म्हाताऱ्या बाई अंगणातली पानं ओढत होत्या. त्या इथल्याच, याच रस्त्यावर वाढलेल्या. त्यांना मी गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी दाताळं खाली ठेवलं.

"काढलात तुम्ही तो?"

त्यांच्या आजीच्या वेळी हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. घर बांधताना चिमणीजवळ पोराचा वापरलेला बूट चिणायचा. वाईट जे काही असेल ते चिमणीतून उतरतं, बुटालाच पोर समजतं आणि त्यात अडकून बसतं. बूट काढला तर ते घरातलं खरं पोर शोधतं. एवढं बोलून त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं.

दारात माझी मुलगी उभी होती. सातवा महिना, दिवाळीला आलेली. आधीची दोन बाळं राहिली नव्हती. ती लसींच्या प्रयोगशाळेत काम करते. मी मीठमोहऱ्या ओवाळायला गेले की म्हणते, "आई, डेटा दाखव." त्यामुळे आता ती हसेल असंच मला वाटलं.

"कुठे आहे तो?"

"डब्यात."

"पुट इट बॅक."

"अगं, देवांच्या मागे पायताण?"

"आय डोन्ट केअर, आई. आत्ता."

"तुझा विश्वास आहे असल्यावर?"

"अजिबात नाही!" तिचा आवाज फाटला. "पण तू काढलास ना? आता डिलिव्हरीपर्यंत मला तेच दिसत राहणार."

बुटाने बसला नव्हता एवढा धक्का मला आता बसला. सात महिने रोज फोनवर 'आय ॲम फाइन, आई' म्हणणारी हीच का, असं झालं. मी हातमोजे घातले, डब्यात वाकले, बुटावरचा चहाचा चोथा झटकला आणि तिच्यासमोर तो भिंतीत ठेवून वीट नुसती दाबून बसवली. देव रात्रभर ताम्हनातच राहिले.

रविवारी सकाळी हार्डवेअरचं दुकान उघडताच सिमेंटची लहान पिशवी आणली आणि वीट पक्की केली. देव स्वयंपाकघरातल्या फळीवर हलवले. त्यासाठी डाळींचे डबे खाली उतरवावे लागले. मग हात धुऊन चकलीच्या भाजणीत मोहन घातलं.