मोडलेल्या विड्या कोणाच्या

हे मी परवापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. गेटसभेत तासभर बोलणारी मी – एवढ्या एका गोष्टीवर चार वर्षं गप्प होते.

मी पत्रकांवर वाढले. वडील युनियनची पत्रकं घरी आणायचे, त्यांवरच मी अक्षरं गिरवली. आई सिन्नरला विड्या वळायची. दिवसभर मांडीवर सूप, संध्याकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात. तिथला चेकर त्यातल्या काही नापास करून बाजूला टाकायचा, त्यांना म्हणायचे छाट. छाटीची मजुरी नाही. पण ती छाट परत मिळायची का? नाही. तीही कारखान्याकडेच राहायची, विकली जायची.

एक दिवस एका बाईने छाटीच्या ढिगावर हात ठेवला. म्हणाली, “नापास हाय ना? मग मोडा माझ्यासमोर.” चेकर हसला. तिने स्वतःच मुठी भरभरून विड्या चुरल्या.

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसवर मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले, तेव्हा ही गोष्ट सांगितली. तिथेही तेच चाललं होतं – द्राक्षांची पेटी नापास म्हणायची, मजुरी कापायची, आणि माल संध्याकाळी टेम्पोत. बायका ऐकत नव्हत्या. एकीने विचारलंच, “ताई, तुमच्या घरात कोण राबलंय का कधी?”

मी म्हणाले – माझी आई. इथपर्यंत खरं होतं.

मग गोष्टीत मी त्या विड्या आईच्या हातांनी मोडल्या.

दोन दिवसांनी त्या बायकांनी नापास पेट्या गेटसमोर ओतल्या. स्वतःच्या पायांनी तुडवल्या. आठवड्यात कपात थांबली. लढा खरा होता, तो त्यांनीच जिंकला, आणि आजही मला त्याचा अभिमान आहे. मग त्या खोट्याने काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल? मीही स्वतःला हेच म्हणत आले.

विड्या मोडल्या हौसामावशीने. आमच्या शेजारची. दुसऱ्या दिवशी कारखान्याने तिचं पान बंद केलं, म्हणजे विड्या वळायला तेंदूची पानं देणंच थांबवलं, आणि तिच्या वाटणीची पानं माझ्या आईपुढे ठेवली. आईने ती घेतली. हे मला आईनेच सांगितलंय, मान वर करून, काहीही न लपवता. तिने खरं सांगितलं, मी ते बदललं. मला घरातली नायिका हवी होती – पानं घेऊन गप्प घरी आलेली बाई नको होती.

विजयसभेत मी पुन्हा तेच सांगत होते, आणि पुढच्याच रांगेत हौसामावशी दिसली. सिन्नर सुटल्यावर ती शेतमजुरी करत इकडे आली होती, तिची लेक याच पॅकहाउसमध्ये पेट्या भरते. मी ओळखलं. थांबले का? नाही. उलट आवाज चढवला. तिच्यासमोर तिचे हात आईला देऊन टाकले, आणि टाळ्या घेतल्या.

सभेनंतर ती जवळ आली. “लय चांगलं बोलतीस. आई बरी हाय ना? तिला सांग, हौसानं इचारलं.”

मी आईला तो निरोपही दिला नाही. दिला असता, तर सभेत मी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं.

परवा दिला. सगळंच सांगितलं. आई म्हणाली, “पत्रकं काढतीस ना? मग छाप. तिचं नाव छाप, अन् पानं कोणी घेतली तेबी छाप.”

छापलंय. कोणी लढलं, कोणी घाबरलं, आणि कोणी खोटं बोललं – तिसरं नाव माझं. उद्या ते गेटवर वाटायचं आहे. पहिलं पत्रक हौसामावशीच्या हातात देणार आहे. तिला वाचता येत नाही. म्हणून मी वाचून दाखवणार आहे – तिच्या लेकीसमोर, सगळ्या बायकांसमोर, त्या दिवशी चढवला होता तेवढ्याच आवाजात.